एका भांड्यातला गारवा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस इतिहासाच्या शिक्षकाला शोभेल असा विषय घ्यावा, असे सुचविले होते. आम्ही उन्हाळ्यातील थंड पेयाचा विषय घेतला आहे. माजी विद्यार्थ्यांना याचे नवल वाटणार नाही. वार्षिक परीक्षा संपली की बहुतेक मुले गावी जात. पण ज्यांचे आईवडील वीटभट्टीवर किंवा परगावी बांधकामावर असत, ती वसतिगृहातच राहत. त्यांच्यासाठी दुपारी चारच्या सुमारास आम्ही भोजनगृहात मिक्सर घेऊन बसत असू. आंबा, केळे आणि दही यांचे घट्ट, गोठलेले पेय करीत असू. हल्लीची मुले त्याला स्मूदी म्हणतात.

नाव नवे असले तरी फळांच्या पेयाशी आपल्या परंपरेचे नाते फार जुने आहे. विनयपिटकातील महावग्गात केणिय जटिलाची कथा येते. तथागत भिक्खुसंघासह आपण नावाच्या नगरात आले असता केणियाने त्यांच्यासाठी पुष्कळ पेय तयार करवून आणले. भिक्खू संकोचाने ते घेईनात. तेव्हा भगवंतांनी आठ पेयांना अनुमती दिली: आंबा, जांभूळ, बियांचे केळे, बिनबियांचे केळे, मध, द्राक्ष, कमळकंद आणि फारुसक, म्हणजे आपला फालसा. यांतील बहुतेक फळे आजही उन्हाळ्यात दादर स्थानकाबाहेरच्या बाजारात टोपल्यांतून दिसतात.

आम्ही फळे तेथूनच आणीत असू. मोठी मुले पिशव्या धरावयास सोबत असत. बाजार आटोपला की कबुतरखान्यापाशी एस. के. बोले मार्गाच्या तोंडाशी त्यांना थांबवून आम्ही विचारत असू, ‘हे बोले कोण?’ पहिल्या वर्षी कोणालाच सांगता येत नसे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात तेथे पाणी पिता आले नाही, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तळ्यावर जावे लागले. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते, हे आंब्याची पिशवी हातात असताना मुलांना लवकर समजे.

आमचे बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेले. आजोबा परळच्या एका गिरणीत कताईखात्यात होते. विणखात्यात पगार अधिक असे, पण त्या खात्याचा दरवाजा त्यांच्यासाठी बंद होता. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेले सूत इतर कामगारांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला होता. खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या कामगारांतही उष्ट्याचा विटाळ शिल्लक होता. आजोबा याविषयी फारसे बोलत नसत. मात्र १४ एप्रिलला चाळीच्या तोंडाशी बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून येई, पिंपात लिंबाचे सरबत तयार होई, आणि आजोबा दिवसभर तेथे उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून पेला देत. कोण कुठला, हे ते विचारीत नसत. घामाघूम झालेला हमाल, टपालवाला, बंदोबस्तावरचा पोलीस, सारे त्याच पिंपातले पीत. त्यांचा तो आनंद आम्हांस इतिहास शिकल्यानंतर कळला.

आता कृती सांगतो. सहा मुलांसाठी तीन मध्यम आंबे, तीन केळी आणि दोन वाट्या दही पुरते. हापूस परवडत नसेल तर पायरी घ्यावा. मे महिन्याच्या अखेरीस भाव उतरतात. आंबे तासभर पाण्यात ठेवून सोलावेत आणि त्यांच्या फोडी कराव्यात. केळी सालीवर काळे ठिपके आलेली असावीत, म्हणजे साखर लागत नाही. फोडी आणि केळ्याच्या चकत्या ताटात सुट्या पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. एकावर एक रचल्या तर त्यांचा दगड होतो. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे बाहेर ठेवून मग मिक्सरला लावाव्यात. पात्याजवळ आधी दही घालावे, त्यावर फळे, चिमूटभर मीठ आणि थोडी वेलची. मिक्सर थांबवून थांबवून फिरवावा. पाते अडले तर पाव वाटी गार पाणी घालावे. बर्फ घालू नये. फळच गोठलेले असल्याने गारवा त्याचाच येतो आणि चव पातळ होत नाही. केळे वगळले तर पेयात बर्फाचे कण लागतात. केळ्यामुळे त्याला सायीसारखा मऊपणा येतो.

वैशाख पौर्णिमेला अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका मध्यान्हानंतर जेवत नाहीत. त्यांच्यासाठी दही वर्ज्य, कारण त्याची गणना भोजनात होते. आंब्याचा रस फडक्यातून गाळून बर्फाच्या साच्यात गोठवावा आणि त्याचे दोन-तीन खडे पेलाभर गार पाण्यात सोडावेत. अनुमती गाळलेल्या रसाला आहे, हे ध्यानी असावे.

एका वर्षी मराठवाड्यातून आलेला एक मुलगा रांगेत उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने पेला घेतला नाही. तो किंचित वाकला आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरली. वरून ओतले जाईल, याची तो वाट पाहत होता. त्याला कोणी तसे करावयास सांगितले नव्हते. गावातल्या सवयीने त्याचे हात आपोआप तसे झाले होते. भोजनगृहात क्षणभर कोणी बोलले नाही. त्याच्या मागे उभ्या असलेल्या मुलाने स्वतःचा पेला पुढे केला आणि म्हणाला, ‘घे ना, यातला अर्धा तुझा.’ दोघांनी आळीपाळीने तो पेला संपविला. आम्ही काही बोललो नाही; त्याहून चांगले आम्हांस शिकविता आले नसते.

त्या आठवड्यात वर्गात आम्ही ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधील १९०१ च्या सुमाराच्या प्रवासाचा प्रसंग वाचून दाखविला. उन्हाळ्याच्या सुट्टीत बालवयातील बाबासाहेब भाऊ आणि भाचा यांच्यासह साताऱ्याहून वडिलांकडे निघाले होते. जवळ भरपूर जेवण होते. पण वाटेत प्यावयास पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले रात्री उपाशी झोपली. वाचन संपल्यावर त्या मुलाने एकच प्रश्न विचारला, ‘सर, त्यांच्याबरोबर पेला होता का?’ आम्ही म्हणालो, ‘पेला असता तरी तो भरणारे कोणी नव्हते.’

त्यानंतर भोजनगृहात एक प्रथा पडली. रोज दोन मुलांनी पेय करावयाचे आणि सर्वांना वाढावयाचे. ओंजळीने पिऊ पाहणाऱ्या त्या मुलाचीही पाळी येई, आणि त्याच्या हातचा पेला सारे घेत. आज तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी फ्रीज आहे, मिक्सर आहे, फळे घेण्याइतपत मिळकत आहे. या उन्हाळ्यात हे पेय अवश्य करावे. घरी कामाला येणाऱ्या ताईंना, सिलिंडर वर चढवून आणणाऱ्या दादांनाही द्यावे. आंबा महाग झाला तर कलिंगड चालेल. पेले मात्र सर्वांचे सारखे असावेत, आणि वाढणाऱ्याने शेवटी प्यावे.