चार गाठींची दोरी

दहावीच्या वर्गाला भिंगाचा धडा शिकवायचा असला की मी घरून मूठभर मसूर घेऊन जातो. उर्दूत भिंगाला ‘अदसा’ म्हणतात, आणि अरबीत ‘अदस’ म्हणजे मसूर. इंग्रजीतला ‘लेन्स’ हा शब्दही लॅटिनमधल्या मसुरावरूनच आलेला. मसुराचा दाणा मध्ये फुगीर, कडेला पातळ. मुलं तो दोन बोटांत फिरवून बघतात आणि ‘मुहद्दब अदसा’ म्हणजे काय ते त्यांना फळ्यावरच्या आकृतीआधीच कळतं. मराठीच्या पुस्तकात त्यालाच बहिर्वक्र भिंग म्हणतात.

मुलांना हे पाच मिनिटांत समजावणाऱ्या मला स्वतःसाठी भिंग निवडायला मात्र दीड वर्ष लागलं.

माझ्याकडे एक लाकडी कॅमेरा आहे. घडी केली की डब्यासारखा मिटतो, उघडला की पुढे कापडी भाता पसरतो. मागे दुधी काच, तिच्यावर समोरचं दृश्य उलटं उमटतं. डोक्यावर काळं कापड घेऊन ते न्याहाळायचं, आणि मग काचेच्या जागी चार बाय पाच इंचांची एकच फिल्म सरकवायची. मुंबईतला एक जुना स्टुडिओ बंद होत होता, तिथून तो मला भंगाराच्या भावात मिळाला. पण भिंगाशिवाय.

लोक विचारतात, मास्तर, हा नाद कुठून लागला? खरं उत्तर असं की, आमच्या घरात भिंतीवर एकही फोटो नव्हता. अब्बांचं आयुष्य जहाजावर खलाशी म्हणून गेलं. सजीवांच्या तसबिरी घरात नकोत, असं ते मानणारे. त्यांचा स्वतःचा फोटो फक्त जहाजाच्या कागदपत्रांवर, तोही सक्तीचा म्हणून. पण डोंगर, पाणी, झाड यांच्या चित्राला त्यांची कधीच हरकत नव्हती. बंदरावरून आणलेल्या डोंगर-समुद्राच्या कॅलेंडरांची पानं ते जपून ठेवत. ज्या घरात माणसाचा फोटो काढता येत नाही, त्या घरातला मुलगा डोंगराकडे वळला, एवढंच.

तर भिंगाची गोष्ट. या आकाराच्या कॅमेऱ्यासाठी जाणकार साधारण चार भिंगांचा संच सांगतात. ९०, १५०, २१० आणि ३०० मिलिमीटरचा. हे आकडे म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर. फिल्मचा कर्ण जवळपास १५० मिलिमीटर, म्हणून १५० चं भिंग मधलं, सर्वसाधारण. ९० चं रुंद दृश्य कवेत घेतं, ३०० चं लांबचं जवळ आणतं. प्रत्येक पुढचं भिंग आधीच्या दीडपटीच्या आसपास, म्हणजे मध्ये फार मोठी फट राहत नाही.

पण नुसता आकडा बघून भागत नाही. भिंग मागे प्रकाशाचं एक वर्तुळ टाकतं. त्या वर्तुळात फिल्म पुरती बसली पाहिजे, आणि भिंग वर-खाली सरकवायचं तर वर्तुळ आणखी मोठं लागतं. निकॉनच्या ९० मिलिमीटर, एफ ८ च्या भिंगाचं वर्तुळ २३५ मिलिमीटरचं आहे, म्हणजे सरकवायला ऐसपैस जागा. भात्याचंही बघावं लागतं. ३०० चं भिंग लांबच्या दृश्यावर नीट लावायचं तर भाता तीस सेंटिमीटर ताणावा लागतो, आणि माझा भाता तिथेच संपतो. त्यात वजन. एफ ५.६ चं ३०० मिलिमीटरचं भिंग किलोच्या वर जातं. निकॉनचंच एफ ९ चं ३०० फक्त २९० ग्रॅमचं. प्रकाश कमी घेतं, पण सडा चढून जाणाऱ्याला तो सौदा परवडतो.

यातलं बहुतेक आता जुन्या बाजारातच शोधावं लागतं. निकॉनने ही भिंगं थांबवत असल्याचं २००६ साली जाहीर केलं. ज्या कोपाल शटरमध्ये ती बसवलेली असतात, ती यांत्रिक शटरंही आता बनत नाहीत.

सुरुवातीला मी घाई केली. रुंद दृश्य म्हणजे भव्य दृश्य, असं समजून पहिलं भिंग घेतलं ते ९० चं. फोटोच्या निम्म्या भागात खाडीचा चिखल आणि पलीकडचा डोंगर वारुळाएवढा! त्यात भिंगाच्या आत बुरशीचे बारीक धागे निघाले. विकणाऱ्याने हात वर केले. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या आमच्या कोकणात बुरशी भिंगात शिरली की काच खाते, हे मला माहीत असायला हवं होतं. तेव्हापासून जुनं भिंग हाती आलं की आधी मागून बॅटरीचा झोत टाकून बघतो. मग शटर एका सेकंदावर लावून ते अडखळतं का, ते कान देऊन ऐकतो.

त्या नुकसानीनंतर बायको म्हणाली, “शाळेत पुठ्ठ्याची एवढी साधनं करता. घ्यायच्या आधी बघता येईल असं काही नाही का?”

बी.एड.ला असताना शैक्षणिक साधनं बनवायला लावत, तेव्हा कंटाळा यायचा. ती विद्या आता कामाला आली. पुठ्ठ्यात फिल्मच्या मापाचं छिद्र कापलं. बारा सेंटिमीटर रुंद, साडेनऊ उंच. त्याला एक दोरी बांधली आणि तिला पुठ्ठ्यापासून नऊ, पंधरा, एकवीस आणि तीस सेंटिमीटरवर गाठी मारल्या. गाठ डोळ्याखालच्या हाडाला लावायची, दोरी ताणायची, एक डोळा मिटायचा आणि छिद्रातून बघायचं. पंधराच्या गाठीला जेवढं दिसतं तेवढंच १५० चं भिंग दाखवणार. चारही भिंगं खिशात, खर्च शून्य.

एक वर्ष मी ती दोरी घेऊन फिरलो. जिथे फोटो काढावासा वाटला, तिथे कुठली गाठ बरोबर बसली ते वहीत टिपलं. बावन्न जागा झाल्या. त्यात तीनदा ९०, चौदा वेळा १५०, आठ वेळा ३००, आणि सत्तावीस वेळा २१०. कारण उघड होतं. आमच्याकडे माणूस बहुधा खाडीच्या एका काठावर उभा असतो आणि बघायचं ते दुसऱ्या काठावर. मध्ये पाणी. चार पावलं पुढे जाऊन उभं राहायची सोय नसते. आंब्याच्या बागेत, गल्लीत १५० पुरतं. पण खाडी २१० मागते. माझा संच माझ्या गावाने ठरवला होता.

२१० साठी पैसे जमले, आणि त्याच सुमारास अब्बा ओट्याच्या पायरीला अडखळून पडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. जमवलेले पैसे तिकडे वळले. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणालो तर खोटं होईल. एक रात्र वाईट वाटलं, आणि त्या वाटण्याचीच लाज वाटली.

डॉक्टरांनी विचारलं, “डोळ्यात बसवायच्या या भिंगाने एकाच अंतराचं स्पष्ट दिसेल. दुसऱ्यासाठी चष्मा. लांबचं हवं की जवळचं?”

मी चटकन म्हणालो, “जवळचं. फजरनंतर ते रोज कुराण वाचतात.”

अब्बा म्हणाले, “वाचायचं ते बरंचसं पाठ आहे. उरलेल्याला चष्मा लावीन. लांबचं घाला.”

बावन्न जागा टिपणाऱ्या मला, अब्बा ओट्यावर बसून दिवसभर काय बघतात, हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

ऑपरेशननंतर महिनाभराने मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. कसं धरायचं ते सांगितलं. खलाशाचा हात, दोरी कशी ताणायची ते शिकवावं लागलं नाही. त्यांनी एकेक गाठ लावून पाहिली आणि तिसरीवर थांबले. एकवीस.

“हं. एवढं,” ते म्हणाले. “वर मशिदीच्या मागचा माड, खाली तर लागते ती जागा. आणि मध्ये ती खाण.”

पलीकडच्या डोंगरावर जांभ्याची चिरेखाण आहे. मला ती माहीत होती, पण फोटोत येऊ नये म्हणून मी नेहमी बाजूला सरकत असे. अब्बा म्हणाले, “मी शेवटचा जहाजावर गेलो तेव्हा तिथे काजू होते. डोळे गेले तेव्हा खाण माडाच्या अलीकडे होती. आता बघतो तर पलीकडे गेली.”

सहा महिन्यांनी २१० चं भिंग आलं. कॅमेरा ओट्यावर लावला, अब्बा बसतात त्याच जागी. त्यांना काळ्या कापडाखाली घेतलं. बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, “डोंगर उलटा का?” मी त्यांना इब्नुल हैसमबद्दल सांगितलं. हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या दिव्यांच्या उजेडाबद्दल त्यांनी ‘किताबुल मनाज़िर’मध्ये लिहून ठेवलं, प्रकाश सरळ जातो म्हणून वरचं खाली उमटतं, वगैरे. अब्बांनी ऐकून घेतलं. पण बोट काचेवर खाणीच्या जागीच होतं.

फिल्म महाग, म्हणून मी एक्स-रेची फिल्म कापून वापरतो. तिला लाल रंग दिसत नाही. त्यामुळे लाल दिव्यात, न्हाणीघरात ती धुता येते. पण त्याचमुळे लाल वस्तू फोटोत काळपट येते. छापून पाहिलं तर आकाश पांढरंफेक, पाणी करडं, आणि डोंगराच्या कुशीत खाण काळीकुट्ट. डोळ्यांना ती इतकी कधीच दिसली नव्हती.

फोटोत अब्बा नाहीत. ते कधी असणारही नाहीत, आणि मी आता विचारतही नाही. फोटो ओट्यावरच्या भिंतीला लावला आहे. आमच्या घरातला भिंतीवरचा पहिला फोटो. अब्बांनी चष्मा लावून तो जवळून पाहिला, मग चष्मा काढून समोरचा डोंगर पाहिला.

“पुढच्या वर्षी याच जागेवरून परत काढ,” ते म्हणाले. “भिंग बदलू नकोस.”