अण्णांची डबी

आमच्या अण्णांकडे १९२८ सालची ‘बेबी ऑस्टिन’ होती. टिळकवाडीत तिला कोणी मोटार म्हणत नसे. ‘अण्णांची डबी’ हेच तिचे नाव. ७४७ सी.सी.चे इंजिन, वजन जेमतेम साडेतीनशे किलो आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर सव्वासहा फूट! पायाचा ब्रेक मागच्या चाकांना, हाताचा पुढच्या चाकांना. क्लच बोटभर हलला की गाडी बेडकासारखी उडी तरी मारी, नाही तर बंद पडे.

१९६२च्या उन्हाळ्यात, मी सोळा वर्षांचा असताना, अण्णांनी मला चालवायला शिकवले. परवान्याचे वय झाले नव्हते. म्हणून भल्या पहाटे, रिकाम्या रस्त्यावर आणि ते शेजारी असतानाच. ते एकच सांगत, “स्टिअरिंग आवळू नकोस. ती डुलेल, डुलू दे.” कारण पुढे समजले. गाडी कलली की मागच्या स्प्रिंगांमुळे मागचा आसच किंचित फिरतो आणि गाडी आपोआप वळू लागते. घाबरून उलटे फिरवावे, तर ती दुसरीकडे कलते. प्रत्येक झोल आधीपेक्षा मोठा.

एके दुपारी अण्णा खानापूरला गेलेले पाहून मी गाडी काढली. सांबऱ्याच्या पुढे समोरून बैलगाडी आली. बिचारी आपल्या बाजूनेच येत होती. माझेच हात आवळले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि डबी शेतात आडवी! गाडीवानाने बैल सोडून धाव घेतली, शेतातल्या दोघांना हाक मारली आणि तिघांनी मिळून डबी उभी केली. माझ्या सदऱ्यावरची माती झटकत तो म्हणाला, “एनू आगिल्ल, तम्मा.” काही झालेले नाही, बाळा.

संध्याकाळी अण्णांना मात्र मी सांगितले, गाडीवान मुद्दाम आडवा आला. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले होते; वातावरण तापलेले होते. ‘कानडी गाडीवान’ एवढे दोन शब्द पुरले. शेजाऱ्यांनी पुरावा मागितला नाही. रात्रीपर्यंत त्याने शिव्या दिल्या, चाबूकही उगारला, असे गल्लीत झाले. मी ‘नाही’ म्हटले नाही.

शनिवारी, बाजाराच्या दिवशी, तो दारात उभा! हातात आमच्या दिव्याची कडी, सरीत सापडलेली. डबीचा पत्ता बाजारात कोणीही सांगितला असता. अण्णांनी त्याला ओटीवर बसवून कानडीत विचारले, “त्या दिवशी काय झाले?” त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. म्हणाला, “माझे बैल बुजले असतील, धनी. पोराची चूक नाही.”

ओटीखाली चार शेजारी उभे होते. अण्णा काहीच बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे पाहत राहिले. मी कसाबसा म्हणालो, “तप्पु नंदे.” चूक माझीच. आमच्या गल्लीत हे दोन शब्द कळले नाहीत असे कोणी नव्हते. शेजारी एकेक करून निघून गेले. आईने चहा आणला.

अण्णा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला पुन्हा चाकावर बसवले आणि वाटभर माझ्या हातांकडे पाहत राहिले.

डबी पुढे विकली गेली. त्या माणसाचे नाव अण्णांनी विचारले होते, मी विचारले नाही. आज ऐंशीच्या उंबरठ्यावर ती एक रुखरुख तेवढी उरली आहे.