चिमूटभर हिंग

तिन्हीसांजेला शेतावरून परतलेल्या बाईच्या घरात भाजी नसते आणि पाहुणा मात्र दारात उभा असतो. अशा वेळी तिचा हात सहजच डाळीच्या पिठाच्या डब्याकडे जातो. तापलेल्या तेलात मोहरी तडतडते, ठेचलेला लसूण लालसर होतो, चिमूटभर हिंग पडतो. पाण्याला उकळी आली, की ती एका हाताने पीठ पेरते आणि दुसऱ्या हाताने घोटत राहते. अर्ध्या तासाच्या आत पाहुण्याच्या आणि वृद्ध सासऱ्यांच्या ताटात भाकरीशेजारी पिठले येते. गरिबाघरचे, घाईचे अन्न म्हणून आपण त्याकडे पाहतो. त्या फोडणीत किती जुने शहाणपण मुरलेले आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

आयुर्वेदात हरभऱ्याला ‘चणक’ म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तो शमीधान्यांत, म्हणजे शेंगांत येणाऱ्या धान्यांत, गणला आहे. तो पचायला हलका, शीत, गोड व किंचित तुरट, परंतु रूक्ष, म्हणजे अंगातील स्निग्धता कमी करणारा आहे. पित्त आणि कफ वाढले असता तो हितकर. कढणात चालतो तसा लेपातही चालतो. अंगाला डाळीचे पीठ लावण्याची आपली रीत या विचाराशी जुळणारीच आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने त्याचा दोषही स्पष्ट सांगितला: चणक वात वाढवतो आणि पोट जखडतो.

या दोषाला स्वयंपाकघराने उतारा शोधला. रूक्षतेला तेल-तूप, शीतपणाला लसूण, वाताला हिंग आणि ओवा. गुजरातच्या फाफड्यात ओवा असतो, राजस्थानचे गट्टे दह्याच्या रश्शात शिजतात. कढीत तर दुहेरी सोय आहे: पीठ ताकाला फाटू देत नाही आणि ताक, आले, जिरे पिठाला बाधू देत नाहीत. पावसाळ्यात अग्नी मंद होतो व वात बळावतो, असे शास्त्र सांगते. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला भज्यांची आठवण येते! जीभ शास्त्राला फारशी जुमानत नाही, हेच खरे.

आजचे आहारशास्त्रही या पिठाचा मान राखते. 100 ग्रॅम पिठात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते. ती उणीव डाळ भरून काढते. म्हणून मांस-मासे ज्यांना परवडत नाहीत, त्यांना पिठले-भाकरीचा मोठा आधार आहे.

परंतु हात आखडला, की पहिली काटछाट फोडणीतच होते. हिंग बहुतांशी अफगाणिस्तानासारख्या देशांतून येतो आणि महाग असतो. तेलही मोजून वापरावे लागते. पीठ उरते, त्याचा उतारा सुटतो. ज्याला पिठल्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्याच वाट्याला ते असे कोरडे येते. अशा दिवशी ती बाई पिठले पातळ करते, शेजारणीकडून आणलेला ओवा त्यात चुरडते आणि बुधलीच्या तळाशी उरलेली तेलाची धार सासऱ्यांच्या ताटातल्या पिठल्यावर सोडते.