मेळघाटातील पाऊलखुणा

परतवाड्यास उतरून मुक्तागिरीच्या वंदनेला जाणारे यात्रेकरू बाराही महिने येत असतात. बावन्न मंदिरांचे दर्शन घेऊन, पावसाळ्याचे दिवस असतील तर धबधबा डोळे भरून पाहून, ते सायंकाळी परततात. मंदिरांमागे एकापाठी एक उभे असलेले निळसर डोंगर कोठवर जातात, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. हे सारे सातपुड्याचेच डोंगर. त्यांच्या गाविलगड रांगेच्या कुशीत मेळघाट वसला आहे. परतवाड्याहूनच निघणारा दुसरा रस्ता घटांगचा घाट चढतो आणि पलीकडे सेमाडोहला उतरतो. पुढे कोलकास, हरिसाल, धारणी. या वाटेवर सिपना नदी पुनःपुन्हा भेटत राहते. सिपना, खंडू, खापरा, गाडगा आणि डोलार या पाच नद्या मेळघाटचे पाणी तापीच्या स्वाधीन करतात.

येथे येणाऱ्या प्रवाशाचा पहिला प्रश्न वाघाविषयीचा असतो आणि बहुतेक वेळा तो वाघ न पाहताच माघारी जातो. तळ्याकाठी निवांत पहुडलेला वाघ गाडीत बसून पाहावा, असे हे रान नव्हे. खोल दऱ्या, उभे चढ, सागाची दाट झाडी आणि दृष्टी पोहोचण्यापूर्वीच वळून जाणाऱ्या वाटा. वाघ येथे आहे. परंतु तो दिसण्यापेक्षा त्याचे येणेजाणे कळण्याचाच योग अधिक. त्यामुळे माग काढण्याची विद्या शिकावी तर मेळघाटासारख्या ठिकाणी. गाभा क्षेत्रात पायी हिंडण्याची पर्यटकाला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. ही विद्या खऱ्या अर्थाने शिकतो तो नव्याने नोकरीस लागलेला वनरक्षक, आणि त्याला शिकवणारा बहुधा पन्नाशी ओलांडलेला एखादा कोरकू वनमजूर असतो. दोघांची वस्ती एकाच संरक्षण कुटीत, चूल एक आणि गस्तीची वाटही एकच.

पहिला धडा वेळेचा असतो. सूर्य वर येण्याच्या आत निघावे लागते, कारण तिरप्या उन्हात ठशाची प्रत्येक कडा आपली सावली धरते. तोच ठसा भर दुपारी धुळीत विरघळल्यासारखा सपाट दिसतो. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये यावा, अशा बाजूला उभे राहावे. नवखा वनरक्षक नेमका उलट उभा राहतो, ठशावर स्वतःचीच सावली पाडतो आणि काही दिसत नाही म्हणतो. म्हातारा काही न बोलता त्याच्या खांद्याला धरून त्याला पलीकडे नेऊन उभा करतो.

दुसरा धडा जागेचा. उन्हाळ्यात सागाची थाळीएवढी पाने गळून जमीन झाकून टाकतात. त्यांवर पाऊल पडले की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. ज्याचे पोट चाहूल न देण्यावर चालते, तो प्राणी अशा पाचोळ्यातून कशाला जाईल? वाघ आणि बिबट्या जंगलातील कच्चे रस्ते, ओढ्यांची वाळू आणि वणवा अडवण्यासाठी साफ केलेल्या जाळरेषा पसंत करतात. मेळघाटातील बरीच जमीन खडकाळ आहे, तीवर काहीच उमटत नाही. परंतु रस्त्यावरील पिठासारखी मऊ धूळ रात्रभरातील सारा व्यवहार टिपून ठेवते.

मग ओळख सुरू होते. मांजरकुळातील प्राणी चालताना नख्या आत ओढून घेतात; त्यामुळे वाघ व बिबट्याच्या ठशात चार बोटे आणि गादी दिसते, नखे दिसत नाहीत. गादीच्या मागील कडेला तीन फुगवटे असतात. कोळसून, कोल्हा आणि तरस यांच्या ठशात नखे उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. अस्वलाच्या मागल्या पावलाचा ठसा पाहून नवखा हमखास फसतो. सपाट तळव्याचे एखादे मूल अनवाणी चालून गेले असावे, असा तो दिसतो. पुढल्या पंजाची लांब नखे मात्र बोटांच्या बरीच पुढे टोचलेली असतात, तेथे शंका मिटते. गव्याचा खूर गुरासारखाच, परंतु मोठा व गोलसर. चितळाचा लहान, निमुळता. सांबराचा त्याहून मोठा. रानडुकराच्या खुरामागे दोन्ही बाजूंना उपखुरांचे ठिपके पडतात. हे सारे आठ दिवसांत पाठ होऊ शकते. पुस्तकातूनही शिकता येते.

पुस्तकातून शिकता येत नाही ते ठशाचे वय. कडा धारदार आहे की ढासळली आहे, ठशात वाऱ्याने काडीकचरा आणून टाकला आहे का, मुंग्यांची रांग त्यावरून गेली आहे की ठशानेच रांग तोडली आहे, धुळीत भोवऱ्यासारखे खड्डे करणाऱ्या इवल्याशा किड्याने त्यात घर मांडले आहे का, हे पाहावे लागते. हिवाळ्यात पहाटे झाडांवरून दव टपकते आणि धुळीवर बारीक ठिपके पडतात. ठिपके ठशावर असतील तर प्राणी पहाटेपूर्वी गेला. ठशाखाली दबले असतील तर त्यानंतर. म्हातारा नवख्याला एक साधी सवय लावतो. ठसा दिसला की शेजारी आपली टाच दाबायची आणि दोन्ही खुणा ताडून पाहायच्या. संध्याकाळी त्याच वाटेने परतताना पुन्हा पाहायच्या. वर्षभर हे केल्यावर कोठे डोळा तयार होतो.

माग धरून चालताना नवखा पायाशी पाहतो. अनुभवी माणूस दहा-पंधरा पावले पुढे पाहतो. ठशांची ओळ लांबून अधिक चांगली कळते. हातातील काठीवर एका पावलापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर खुणेने नोंदलेले असते. पुढचा ठसा सापडला नाही की त्या मापाने काठी फिरवून जागा शोधायची. तरीही मिळाला नाही तर शेवटच्या ठशाशी दगड ठेवायचा, तेथील जमीन तुडवायची नाही आणि अर्धवर्तुळात पुढची शोधाशोध करायची. पाचोळ्यात ठसा नसतोच. तेथे उलटलेले पान, त्याची ओलसर खालची बाजू, मोडलेली गवताची काडी यांवर भागवावे लागते.

वाघ चालताना त्याचे मागचे पाऊल पुढच्याच्या ठशावर किंवा किंचित पुढे पडते. तो धावला, दबकला, बसला की ही लय मोडते. गस्तीवरच्या माणसाला खरा उपयोग या मोडलेल्या लयीचा. वाळूत पोटाची व कोपरांची घसट दिसली तर तो येथे दबा धरून होता. झाडाच्या बुंध्यावर फवारा मारला असेल तर जवळ गेल्यावर बासमती तांदळासारखा वास येतो. ही दंतकथा नव्हे. बासमतीला सुगंध देणारा रासायनिक घटक वाघाच्या या फवाऱ्यातही सापडला आहे. कान तर सतत उघडे हवेत. चितळ कशालाही बिचकून ओरडते. वानर उंचावरून पाहून खाकरते, त्याच्यावर अधिक भरवसा ठेवावा. सांबराने ठणकावून साद दिली आणि ती थांबेना, तर मात्र पाऊल जागच्या जागी थांबवावे.

सर्वांत कठीण धडा यानंतर येतो. माग ताजा निघाला की तरुण रक्त पुढे धावते. म्हातारा वळतो आणि ज्या दिशेने जनावर आले त्या दिशेला चालू लागतो. याला उलटा माग म्हणावे. पुढे गेल्यास वाघ शिकारीवर असेल, वाघीण पिलांपाशी असेल, अस्वल पाठमोरे वाळवी उकरीत असेल. माणसाच्या चाहुलीने त्याला शिकार सोडावी लागेल किंवा अंगावर यावे लागेल. मागे गेल्यास मात्र कोणालाही न दुखवता सारी हकिकत हाती येते. रात्री ते कोठे पाणी प्याले, कोणत्या नाल्यात विसावले, गावाच्या गुरांकडे वळून परत फिरले का, हे सर्व मागील वाटेवर लिहिलेले असते. आज ते कोठे आहे, एवढेच समजत नाही. नवख्याला हा मोठा तोटा वाटतो. तो वाटेनासा होईपर्यंत त्याला एकट्याने गस्तीवर पाठवू नये, असे जुने लोक मानतात.

कोरकू भाषेत वाघाला ‘कुला’ म्हणतात आणि बोलताना पुष्कळदा ‘कुलामामा’. मामाची धास्ती आहेच, परंतु मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या बायाबापड्यांना वाघापेक्षा अस्वलाची भीती अधिक. मोहाची फुले त्यालाही प्रिय. झाडाखाली टोपली टेकण्यापूर्वी वाकून जमीन पाहणे, ताजे उकरलेले वारूळ किंवा फुलांनी भरलेली विष्ठा दिसली तर मोठ्याने बोलत दुसऱ्या झाडाकडे जाणे, ही त्यांच्या घरची शिकवण आहे. येथे माग ओळखणे हा छंद नाही. ज्या घरात कोणाला अस्वलाने ओरबाडले आहे, तेथे तो विषय हसण्यावारी नेलेला खपत नाही.

या विद्येने कोणकोणते धनी पाहिले, हेही सांगितले पाहिजे. इंग्रजी अमदानीत सातपुड्यातील हीच माणसे साहेबाला वाघापर्यंत नेत, हाका घालीत. त्यांनी काढलेल्या मागाचा शेवट बंदुकीच्या आवाजात होई. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. नंतर अनेक वर्षे उन्हाळ्यात ठसे मोजून व्याघ्रगणना होत असे. ठशावर काच ठेवून आकृती उतरवायची, प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा आणि आकृत्या ताडून वाघ किती ते ठरवायचे. डॉ. उल्हास कारंत यांच्यासारख्या संशोधकांनी या पद्धतीवर आक्षेप घेतले. एकाच पावलाचा ठसा ओल्या वाळूत वेगळा आणि कोरड्या धुळीत वेगळा उमटतो. 2004-05 मध्ये राजस्थानातील सारिस्का येथे कागदोपत्री वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, तेव्हा या मोजणीची अब्रू गेली. आता पट्ट्यांवरून वाघ ओळखणारे कॅमेरे आहेत. 2006 पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी अंदाजात 1411 हा पहिला आकडा होता आणि 2022 चा 3682.

यात दोष ठशांचा नव्हता. वाघ किती आणि त्यांतील हा कोणता, असा प्रश्न ठशांना विचारला गेला, आणि त्याचे उत्तर त्यांच्यापाशी कधीच नव्हते. केव्हा, कोठून, कोणत्या चालीने, एवढेच ते सांगतात व ते खरे सांगतात. कॅमेरा कोणत्या वाटेवर बांधावा, हे आजही पायी हिंडणारा वनरक्षक ठशांवरूनच ठरवतो. त्या देशव्यापी मोजणीचा पहिला टप्पाही प्रत्येक बीटमध्ये मैलोगणती चालून खुणा नोंदवण्याचाच असतो. त्याच्या खिशातील मोबाइल चाललेली वाट नोंदवतो. पाहण्याचे काम त्याला स्वतःलाच करावे लागते.

आणि पाहणारा तो एकटा नसतो. 2013 मध्ये मेळघाटात वाघांच्या शिकारीची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा आणखी एक कटू गोष्ट समोर आली. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर लोखंडी सापळा पुरणाऱ्यालाही ठशांची भाषा उत्तम येते. कोणत्या वळणावर वाघ पाऊल अरुंद टाकतो, पाणवठ्यावर कोणत्या दगडाआडून उतरतो, हे जाणल्याशिवाय सापळा कामी येत नाही. म्हणून आता नवख्याला आणखी एक नजर शिकवली जाते. पाणवठ्याकाठी पाचोळा नको तितका सारखा पसरला आहे का, अनवाणी किंवा रबरी चपलेचा अनोळखी ठसा आहे का, वाटेवर कोणी मुद्दाम काटक्या मांडून जनावराला एका अंगाला वळवले आहे का, हे तो पाहतो. वाघाच्या ठशापेक्षा असा माणसाचा ठसा पाहून गस्तीवरच्या माणसाची झोप अधिक उडते.

बाहेरच्या माणसाला या विद्येची चव घ्यायची असेल तर बुद्धपौर्णिमेची रात्र आहे. त्या दिवशी पाणवठ्यांवर मचाणे बांधून, चांदण्यात येणारे प्राणी मोजले जातात. वन विभाग अलीकडे ‘निसर्गानुभव’ या नावाने नागरिकांनाही त्यात सामावून घेतो. रात्रभर न बोलता बसणे अनेकांना जड जाते. परंतु सकाळी मचाणावरून उतरल्यावर, रात्री जे केवळ काळसर हालचालीसारखे दिसले होते ते ओल्या मातीत खुरांच्या रूपाने समोर असते, आणि ज्याला चितळ समजून चार नोंदी केल्या तो भेकर निघतो. मराठी वाचकांना जंगलाची गोडी लावणारे मारुती चितमपल्ली या मेळघाट व्याघ्र प्रकल्पात उपसंचालक होते. त्यांची पुस्तके वाचून येणाऱ्यास मचाणावरील रात्र थोडी सोपी जाते. एवढेही जमले नाही तर शेताच्या बांधावर, विहिरीच्या वाटेवर मूठभर बारीक माती पसरावी. मुंगूस, ससा, मोर, कोल्हा कोण कोण आपल्या दारावरून जातो ते सकाळी कळते.

कोलकासच्या खाली सिपनेच्या पात्रात उन्हाळ्यात पाण्याचे डोह राहतात आणि मधली वाळू उघडी पडते. गस्तीवरची जोडी पहाटे ती ओलांडून जाते व ऊन चढण्यापूर्वी त्याच वाटेने परतते. अशाच एका परतीच्या वेळी नवखा एकदम थबकतो. पहाटे त्याने स्वतः टाकलेल्या बुटाच्या ठशावर, बरोबर टाचेवर, वाघाची गादी उमटलेली असते. पुढे दुसऱ्या ठशावर पुन्हा, आणि तिसऱ्याच्या बाजूला. कडा अजून ओल्या आहेत. म्हातारा खाली वाकून पाहतो, पावलांचे अंतर काठीने मोजतो, चाल संथ आहे असे सांगतो. मग नदीपलीकडच्या झाडीकडे एकदा पाहून तो वाळूच्या कडेकडेने, तो माग न तुडवता, कुटीची वाट धरतो.