उतरणार कुठनं?

राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात गाडीतून सॅक काढत होतो. अंगणात तांदूळ पाखडणाऱ्या मावशींनी सूप न थांबवता विचारलं, "जेवायला किती मानसं?" आकडा सांगितला. लगेच दुसरा प्रश्न आला, "आन् उतरणार कुठनं?"

गड चढताना हा दुसराच प्रश्न सोबत होता. राजगडाला वाटा पुष्कळ. गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढलं की माणूस थेट पद्मावती तळ्याशी निघतो. पाली दरवाजाची वाट रुंद, पायऱ्यांची, जुना राजमार्गच. तोरण्याला जाणारे संजीवनी माची धरतात आणि आळू दरवाजातून पलीकडे उतरतात. म्हणजे सकाळी गुंजवण्यातून वर गेलेला माणूस दुपारी गुंजवण्यातच उगवेल याचा भरवसा नाही. मावशींनी नाव लिहून घेतलं नाही, इसार मागितला नाही, फोन नंबरही नाही. "चोर दरवाजानंच" एवढं आम्ही म्हणालो आणि पिठाच्या डब्यातून आमच्या वाट्याचं पीठ बाजूला निघालं.

नुसत्या शब्दावरचा हा विश्वास पाहून मला अल्बेनिया आठवला. तिथे जाणाऱ्यांसाठीची माहिती मी मध्यंतरी हौसेने वाचत होतो. तिथे घरात शिरताना चपला काढतात. जुन्या रिवाजात होकाराला मान आडवी हलते आणि नकाराला उभी, हे आपल्याकडच्या माणसाने मुद्दाम ध्यानात ठेवावं. डोंगरात रोख पैसे जवळ असावेत. त्या देशाच्या उत्तरेला, व्हाल्बोना आणि थेथच्या खोऱ्यांत, लेक दुकाग्जिनीच्या नावाने ओळखला जाणारा रीतींचा कायदा शतकानुशतकं तोंडीच चालत आला. श्त्येफन ग्येचोवी या पाद्र्याने तो गावोगाव फिरून गोळा केला आणि १९३३ मध्ये तो पुस्तकरूपात आला. त्या कायद्यात घरावर मालकाच्या आधी देवाचा आणि पाहुण्याचा हक्क आहे. पाहुण्याची बंदूक यजमान स्वतःच्या हाताने उतरवून घेतो आणि भिंतीला टांगतो. तिथून पुढे त्या जिवाची जबाबदारी घराची, मग दारात आलेला पिढीजात वैरी का असेना. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा आल्या तेव्हा अल्बेनियातल्या कुटुंबांनी ज्यूंना याच रीतीखातर घरात लपवलं. युद्ध संपलं तेव्हा त्या देशात ज्यूंची संख्या आधीपेक्षा जास्त होती. युरोपात असं फार क्वचित घडलं.

मला हा कायदा मोठा वाटतो, आणि तो डोंगरातच जन्मावा हे साहजिक वाटतं. खाणावळ नाही, पोलीस चौकी नाही, रात्री पाऊस कोसळतोय, अशा ठिकाणी अनोळखी माणसाला दार उघडायचं की नाही हे आधीच ठरलेलं असावं लागतं. मावळातही ते ठरलेलंच होतं. १६६६ मध्ये आग्र्याहून निसटलेले शिवाजी महाराज राजगडावरच परतले. ते गोसाव्याच्या वेषात आले आणि जिजाऊंना आधी ओळख पटली नाही, अशी कथा घरोघर सांगतात. त्या कथेतली ओळख पटण्याची घटका सगळ्यांना आवडते. मला मात्र तिच्या आधीचा क्षण आवडतो. वेष फाटका, माणूस अनोळखी, तरीही त्याला आत घेतलं गेलं.

आम्ही उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मावशींनी आम्हाला वाटेवर पाहिलं आणि तेव्हा कुठे तवा चढवला. वेल्ह्याचा मुलूख भातशेतीचा, तेव्हा भाकरी तांदळाची. आधणात पीठ घालून उकड आधीच काढलेली. हाताला सोसेल न सोसेल अशी गरम असतानाच परातीत मळायची, कारण निवली की भाकरीच्या कडा फाटतात. गोळा तळव्यावर गोल करून परातीत टेकवला. उजवा हात थापत होता आणि डावा कड सावरत होता, भाकरी आपोआप फिरत असल्यासारखी दिसायची. तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात. ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. घाई केली तर चिकटते, उशीर केला तर तडकते. मावशी भाकरीकडे बघतही नव्हत्या, सुनेशी बोलत होत्या, पण हात नेमका त्याच घटकेला पुढे व्हायचा. मग तवा उतरवून भाकरी निखाऱ्यांसमोर उभी केली. आधी एक कड फुगली, मग सगळी टम्म झाली आणि वाफ एका बारीक भोकातून सुटली. तो पापुद्रा उचलून आत पिठलं घालायचं, बाजूला ठेचा आणि फोडलेला कांदा. दुसरी भाकरी आपण मागायची नसते, ती पडतेच.

आदल्या आठवड्यात सांगून गेलेली मंडळी पालीकडे उतरली, असं त्या जाता जाता म्हणाल्या. "भाकऱ्या वाया न्हाई गेल्या, गुरं हायत की." सुरात तक्रार नव्हती. मला मात्र ते लागलं. पाहुण्याला हक्क मिळतो तो दिलेल्या शब्दावर. शब्द दोन्हीकडून पाळला गेला तरच रीत टिकते.

जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत राजगड आहे. आता लांबलांबचे लोक येतील. त्यांना सांगायचं ते थोडंच आहे. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, पुढे मार्गासनी, साखर आणि मग गुंजवणे. पहाटे लवकर निघा, चढ दोन-तीन तासांचा. चोर दरवाजाजवळचा टप्पा उभा आहे, पावसाळ्यात तिथे कातळ निसरडा होतो, रेलिंग सोडू नका. सुट्टे पैसे ठेवा, मोबाईलला रेंज असेलच असं नाही. देवळात चपला काढा. महाराजांच्या राणी सईबाई १६५९ मध्ये याच गडावर वारल्या, पद्मावती माचीवरच्या त्यांच्या समाधीपाशी आवाज खाली ठेवा. अत्तर लावू नका, धूर करू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात.

आणि वर ताक घ्या. ते विकणाऱ्या बाया खालच्या गावांतून भल्या पहाटे डोक्यावर ओझं घेऊन चढलेल्या असतात. आपण धापा टाकत पोचतो तेव्हा त्यांची बसकण मांडून झालेली असते. भावात घासाघीस करू नका. मावशी म्हणा, पेला विसळून परत द्या, आणि बालेकिल्ल्याची वाट आज कशी आहे, मोहोळ उठलंय का, हे त्यांनाच विचारा. त्या सांगतील तसं करा.