हिची डावी मांडी उघडत नाही

लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं होतं. काल लेकीच्या खुब्यातल्या दोन पिना काढल्या, म्हणून आज लिहितेय. जरा मोठं आहे, पण घरात तान्हं बाळ असेल तर वाचाच.

ती दीड महिन्याची असताना मालिशवाल्या मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, हिची डावी मांडी उघडत नाही बघा." लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी घाईत पाय हलवून पाहिले. "वाढेल तशी सुटेल." झालं! आम्हीही निर्धास्त. ती पायाळू, त्यामुळे आजेसासूबाई तर पाठदुखीवर तिचा पाय लावून घेण्यात खूश.

पायाळू, मुलगी आणि पहिलं बाळ. खुब्याच्या या दोषाची जोखीम वाढवणाऱ्या तीनही गोष्टी तिच्यात होत्या. हे मला कळलं ती लंगडत चालायला लागल्यावर. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या उखळीत बसलेलाच नव्हता. बाळाला दुखत नाही, त्यामुळे ते रडत नाही आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

पहिल्या सहा महिन्यांत कळलं असतं तर बहुतेक वेळा पाव्हलिक हार्नेस नावाच्या कापडी पट्ट्यांवर भागतं. गुडघे वाकवून, मांड्या फाकवून ठेवायच्या, बस्स. आमची लेक वीस महिन्यांची. सांधा उघडून गोळा जागेवर बसवला, कमरेचं हाड कापून त्यात तिच्याच हाडाची पाचर घातली. सॉल्टर यांची ही पद्धत 1961 पासून माहीत आहे, चांगली आहे, आम्हाला गुणही आला. पण छातीपासून पायापर्यंत प्लास्टर, तेही मे महिन्यात! रिक्षात मावत नाही, खाजवता येत नाही, डायपर प्लास्टरच्या कडेत खोचायचा, रात्री उठून कूस बदलायची. रडून रडून ती शेवटी माझ्याकडे नुसती बघत राहायची. ते बघणं विसरता येत नाही.

राग कशाचा येतो सांगू? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात जन्मतः तपासायच्या दोषांच्या यादीत हा खुबा आहे. उपचारही मोफत. म्हणजे कागदावर सगळं आहे. मग बाळंतिणीला घरी सोडताना तिच्या कार्डावर 'खुबे तपासले' एवढी एक ओळ का नसावी? सरकारी असो की खाजगी.

तोवर आपणच विचारायचं. पायाळू बाळ असेल, घरात कुणाला हा त्रास असेल तर सहाव्या आठवड्याला खुब्याची सोनोग्राफी करून मागा. दुपट्यात पाय सरळ ताणून गच्च बांधू नका. कडेवर मात्र खुशाल घ्या, मांड्या फाकलेल्या राहतात ते चांगलंच.

मावशींना काल फोन केला. म्हणाल्या, "मी तेव्हाच बोलले होते ना ताई?" मग विचारलं, "आता चालते का नीट?"