धार टेक्नेशियमची

मामांच्या नडगीत रॉड बसवून वर्ष उलटलं, तरी घोट्याच्या वरच्या बारीक छिद्रातून पाणी झिरपायचं थांबेना. वसमतला एक्स-रे झाले, नांदेडला रक्त तपासून झालं. एमआरआय करावा तर रॉडमुळे चित्र नीट येत नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हाड जुळताना सूज आहे की आत जंतू बसलेत, हे यातून कळत नाही. न्यूक्लिअर स्कॅन करून घ्या." न्यूक्लिअर म्हटल्यावर मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच पोखरणला निघालोय.

परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस धरली आणि मुंबई गाठली. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात बाहेरच तीन पाकळ्यांचं पिवळं चिन्ह. आत गेलो तर औषधच तयार नाही. तंत्रज्ञ पोरगा म्हणाला, "काका, थांबा, गायीची धार काढायचीय."

ही गाय म्हणजे शिशाच्या जाड कवचातली एक नळी. तिच्यात मॉलिब्डेनम असतं, ते हळूहळू विरत टेक्नेशियम होतं. सकाळी वरून मिठाचं पाणी सोडलं की टेक्नेशियम तेवढं खाली उतरतं. ते सहा तासांत निम्मं होतं, म्हणून साठवून ठेवता येत नाही, रोजच्या रोज काढावं लागतं. मॉलिब्डेनम निम्मं व्हायला 66 तास घेतं. मामांनी शेतकऱ्याचा नेमका प्रश्न विचारला, "मग भाकड कधी होती?" पोरगा हसला. "आठवड्यात. मग नवी येते."

नुसतं टेक्नेशियम जंतूंकडे जात नाही, त्याला वाटाड्या लागतो. 1990च्या दशकात लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन वापरून पाहिलं. आपल्याकडे लोक मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणतात तीच सिप्रो! पण जंतू नसलेल्या सुजेतही ते कधी कधी रेंगाळतं, अशा तक्रारी पुढे आल्या. मामांना दिलं ते युबीआय. जंतूंशी लढणाऱ्या शरीरातल्याच एका प्रथिनाचा हा 13 अमिनो आम्लांचा तुकडा. त्याच्यावर धन भार, जंतूच्या आवरणावर ऋण, म्हणून तो तिथं चिकटतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनीही यावर काम केलंय. अणुऊर्जा खात्यानं परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर काढलं ते 1963 मध्ये. आणि आम्ही समजत होतो, हे खातं आपल्याकडे पहिल्यांदा आलं ते औंढ्याजवळ लायगो वेधशाळेसाठी जमीन घ्यायला!

सुई शिशाच्या डब्यातून आली. सिरिंजलाही जड धातूचं कवच, त्यातून काचेच्या फटीएवढंच औषध दिसत होतं. एवढा बंदोबस्त, आणि ते मामांच्या शिरेत! टोचल्यावर मला जरा लांब बसवलं. किरणं यंत्रातून येणार म्हणून मी यंत्राकडेच संशयानं बघत होतो, तर पोरगा म्हणाला, "यंत्र काहीच सोडत नाही. किरणं आता काकांमधून येतायत, कॅमेरा ती टिपतो." मामांनी स्वतःच्या हाताकडे उलटसुलट पाहिलं. भरपूर पाणी प्या, लघवीला इथल्याच ठरलेल्या संडासात जा, आज लहान लेकरं आणि गरोदर बाया जवळ नकोत, अशा सूचना झाल्या.

अर्ध्या तासानं मामा कॅमेऱ्याखाली आडवे. पडद्यावर काळे ठिपके एकेक पडू लागले. फोटोसारखं झटकन काही नाही, ठिपके साचत साचत पाय तयार होतो. दोन्ही पाय शेजारी घेतात, चांगल्या पायाशी ताडून पाहायला. डाव्या पायात खालच्या स्क्रूपाशी ठिपके दाटत गेले. मलाही ते दिसलं, मग उगाच वाटलं की मला कळतंय.

जंतू कुठं आहेत ते स्कॅननं दाखवलं. कोणते आहेत आणि कोणत्या औषधानं मरतील, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी स्क्रू काढून तिथल्या हाडाचा तुकडा कल्चरला पाठवावा लागणार. मामा म्हणाले, "हळद मोंढ्यावर घालून येतो की." डॉक्टरांनी पुढच्याच आठवड्याची तारीख लिहिली.